उन्हाची बेगमी आणि बर्फाची पेटी : अहमदपूर परिसरातील अर्धतयार अन्नाचा इतिहास

स्वयंपाकाचे दोन भाग पाडून, त्यांतला कष्टाचा व वेळखाऊ भाग आधीच केव्हातरी उरकून ठेवायचा आणि उरलेला भाग जेवणाच्या वेळी थोड्याशा आगीवर पुरा करायचा, ही पद्धत किराणा दुकानातील गोठवलेल्या पराठ्यांनी किंवा हिरव्या वाटाण्याच्या पाकिटांनी मराठवाड्यात आणलेली नाही. अशा अन्नाला येथे अर्धतयार अन्न म्हटले आहे. म्हणजे ज्याचे भिजवणे, दळणे, शिजवणे, आकार देणे ही कामे पूर्ण झालेली आहेत, पण जे पानात वाढण्यापूर्वी तळावे, भाजावे किंवा पाण्यात उकळावे लागते असे अन्न. या अर्थाने पाहिले, तर अहमदपूर तालुक्यातील जुन्या घरात भिंतीशी रचलेली मडक्यांची उतरंड आणि आजच्या घरातील शीतकपाटाचा वरचा कप्पा ही एकाच गरजेची दोन उत्तरे ठरतात. त्यांच्यातला फरक मात्र केवळ साधनांचा नाही. पहिला अर्धा स्वयंपाक कोणी केला, कोणत्या पिकाचा केला आणि तो टिकवण्यासाठी कशावर भिस्त ठेवली, या तीन प्रश्नांची उत्तरे गेल्या पन्नास-साठ वर्षांत बदलत गेली आणि या परिसराच्या अन्नाचा अलीकडचा इतिहास बहुतांशी त्या बदलातच सामावलेला आहे.

अहमदपूर हे लातूर आणि नांदेड यांना जोडणाऱ्या रस्त्यावरचे, बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातील तालुक्याचे गाव आहे. हैदराबाद संस्थानात हा तालुका बीदर जिल्ह्यात मोडत असे. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर आणि निलंगा या तालुक्यांबरोबर तो मुंबई राज्यात आला व उस्मानाबाद जिल्ह्याला जोडला गेला आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा वेगळा झाल्यावर त्या जिल्ह्याचा भाग बनला. कारभाराचे केंद्र असे बीदर, उस्मानाबाद, लातूर असे सरकत गेले, तरी स्वयंपाकघराला बांधून ठेवणाऱ्या गोष्टी, म्हणजे पाऊस, जमीन आणि ऊन, होत्या तशाच राहिल्या. पाऊस साधारणपणे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो, रब्बीची ज्वारी आणि हरभरा जमिनीत मुरलेल्या ओलीवर येतात, आणि होळी उलटली की विहिरी खालावतात, माळवे म्हणजे भाजीपाला दुर्मीळ होतो. फाल्गुनापासून मृगापर्यंतचे हे महिने हिरव्या भाजीच्या दृष्टीने रिकामे, पण उन्हाच्या दृष्टीने भरलेले असतात. या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात म्हणूनच वाळवण हे येथील घरगुती अर्थव्यवस्थेचे एक अंग बनले.

वाळवण या नावाखाली येणाऱ्या पदार्थांकडे तोंडीलावणे म्हणून पाहण्याची शहरी सवय आहे आणि ती या पदार्थांवर अन्याय करणारी आहे. कुरडईचेच उदाहरण घ्यावे. गहू साधारण तीन दिवस पाण्यात भिजत ठेवायचा, रोज पाणी बदलायचे, मग तो वाटून, गाळून त्यातले सत्त्व, ज्याला चीक म्हणतात, कोंड्यापासून वेगळे काढायचे. चीक खाली बसल्यावर वरचे आंबूस पाणी ओतून द्यायचे, उकळत्या पाण्यात मीठ घालून तो सतत ढवळत शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून कापडावर गोल वेटोळी पाडायची. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की कुरडई ही कच्ची वाळवलेली नसून शिजवून वाळवलेली असते. पिष्टमय पदार्थ एकदा शिजवला आणि मग त्यातले पाणी काढून घेतले, की पुढे त्याला पुन्हा पाणी किंवा गरम तेल मिळताच तो काही क्षणांत खाण्याजोगा होतो. जपानमध्ये मोमोफुकु आंदो यांनी १९५८मध्ये झटपट नूडल्स बाजारात आणल्या, त्या याच तत्त्वावर आधारलेल्या होत्या. त्यांनी पाणी उडवण्यासाठी उकळत्या तेलाचा उपयोग केला, मराठवाड्यातील बाईने वैशाखाच्या उन्हाचा केला. कुरडई केवळ तळूनच खातात असेही नाही. ती पाण्यात भिजवून, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतून केलेली कुरडईची भाजी भाकरीबरोबर जेवणाचा मुख्य कालवणपदार्थ म्हणून चालते, आणि भाजीपाला नसलेल्या दिवसांत तिचे खरे मोल तेच असते.

खारोड्या, ज्यांना काही घरांत खारवड्या म्हणतात, त्या बाजरीच्या. बाजरी ओलवून, कांडून, तिचा भरडा तीळ, जिरे, लसूण आणि तिखट घालून दाटसर शिजवतात आणि त्याचे छोटे गोळे कापडावर घालून कडक वाळवतात; पुढे त्या तळून, भाजून किंवा तशाच कच्च्या, शेंगदाणे आणि कांद्याबरोबर खातात, त्यामुळे शेतात जाणाऱ्याच्या फडक्यात त्या सहज बांधल्या जातात. सांडगे डाळींचे, भिजवून भरड वाटलेल्या डाळीत मिरची, कोथिंबीर, कधी कोहळ्याचा कीस घालून ते वाळवले जातात आणि आमटीसारख्या रश्शात शिजवले की एका घराचे कालवण होते. शेवया, बोटांवर वळलेले बोटवे, तांदळाच्या दाण्याएवढे गव्हले, मालत्या हे गव्हाचे प्रकार खिरीसाठी. त्यांतले बारीक, कलाकुसरीचे नमुने लग्नाच्या रुखवतात मांडले जात आणि मुलीकडच्या बायकांच्या हाताची ओळख त्यांतून पटवली जाई. मुस्लिम घरांत ईदच्या शीरखुर्म्यासाठी शेवया लागत, त्यामुळे या एका पदार्थाची तयारी अहमदपूरसारख्या मिश्र वस्तीच्या गावात वेगवेगळ्या गल्ल्यांत वेगवेगळ्या सणांसाठी होत आली आहे.

या साऱ्या कामाचे वेळापत्रक उन्हाने ठरवलेले होते. चीक पहाटे शिजवावा लागे, कारण ऊन चढण्यापूर्वी कुरडया घालून झाल्या तरच त्या त्या दिवसात वरून सुकत. दुपारी आभाळ आले तर पांढऱ्या कुरडईवर तांबूस छटा येई आणि अवकाळी पावसाच्या दोन सरी आल्या तर तीन दिवसांचे भिजवणे वाया जाई. अन्न बिघडवणाऱ्या जंतूंना आणि बुरशीला वाढण्यासाठी पाणी लागते आणि कडक वाळलेल्या पदार्थात ते त्यांना मिळत नाही, हे वाळवणामागचे साधे शास्त्र आहे. त्याची कसोटीही घरगुतीच होती, पापडी मोडताना कट्ट असा आवाज आला तरच ती डब्यात भरायची. मीठ, हिंग, तिखट आणि पापडखार यांनी चव तर येईच, शिवाय पावसाळ्याच्या दमट हवेत पदार्थाचे रक्षणही होई.

काम एकटीचे नव्हते. एका घरच्या कुरडया घालायला चार घरच्या बायका जमत आणि मग पाळीपाळीने एकमेकींकडे जात. शेतातील कामाची परस्पर देवाणघेवाण ज्या नावाने ओळखली जाते, ती सावड येथे अंगणात उतरलेली असे. उतरत्या पाटावर कणीक घासून शेवईची तार काढणे हे तर एका जोडीचे काम होते, एक तार ओढणारी आणि दुसरी ती काठीवर झेलून वाळत घालणारी. या श्रमाला मजुरी नव्हती, तो कोणत्याही हिशेबात धरला जात नव्हता, आणि तरीही वर्षभराच्या अडीअडचणीच्या जेवणांचा पहिला अर्धा भाग त्यातूनच तयार होत होता. उन्हाळ्यात जी बाई चाळीस अंशांच्या आसपासच्या उन्हात वाळवण राखत बसे, तिला भर पावसात, पेरणीच्या किंवा खुरपणीच्या दिवशी, ओल्या सरपणावर स्वयंपाकाला थोडाच वेळ द्यावा लागे. वेळ असा एका ऋतूतून दुसऱ्या ऋतूत नेला जात असे. पुढे आधी हाताने फिरवायची आणि नंतर विजेवर चालणारी शेवयांची यंत्रे आली, तेव्हा पाट मागे पडला, बायका पीठ घेऊन यंत्रापाशी रांगेत बसू लागल्या आणि सावडीच्या जागी रोख पैसा आला. गोठवलेल्या अन्नाच्या कितीतरी आधी, पहिल्या अर्ध्या स्वयंपाकाचा काही भाग घराबाहेर जाण्याची ही सुरुवात होती.

प्रवासासाठी आणि शेतासाठी वेगळी तरतूद असे. ज्वारीची भाकरी सकाळची संध्याकाळी वातड होते, म्हणून लांबच्या वाटेसाठी दुधात पीठ भिजवून दशम्या केल्या जात, किंवा कांदा, मिरची, कोथिंबीर घालून धपाटे थापले जात, जे दुसऱ्या दिवशीही मऊ राहत. याच्या उलट वाट म्हणजे भाकरी पूर्ण कोरडी करून टाकणे. पातळ थापून, मंद आचेवर पाणी पार उडेपर्यंत भाजलेली कडक भाकरी कित्येक दिवस टिकते आणि सोलापूर जिल्ह्यात तिचा, शेंगदाण्याच्या चटणीसह, मोठा व्यापार उभा राहिला आहे. अहमदपूरपासून फार दूर नसलेल्या, नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला मार्गशीर्षात जाणारी माणसे, आणि त्याच महिन्याच्या अमावस्येला, म्हणजे येळवसेला, शेतात जेवायला निघणारी कुटुंबे घरून शिजवलेले अन्न बरोबर नेतात. येळवसेची आंबील ज्वारीचे पीठ आंबवून आणि ताक घालून आदल्या दिवसापासून मुरवलेली असते. भज्जी, उंडे आणि खीर यांच्याबरोबर ती मडक्यातून शेतात नेली जाते. आंबवणे हादेखील अन्न टिकवण्याचा आणि आगाऊ तयार ठेवण्याचाच एक मार्ग आहे.

गावकुसाबाहेरच्या घरांत टिकवणुकीचा इतिहास वेगळा आहे आणि तो फार उशिरा लिहिला गेला. ज्यांच्याकडे वर्षाचे धान्य साठवायला बळद किंवा पेव नव्हते, म्हणजे भिंतीतली किंवा जमिनीखालची कोठारे नव्हती, त्यांच्याकडे चिकाच्या कुरडयांसाठी गहू कोठून असणार? बलुतेदारीच्या व्यवस्थेत गावातील मेलेली जनावरे ओढून नेण्याचे काम महारांवर लादलेले होते आणि त्या जनावरांचे मांस हेच अनेकदा त्यांच्या वाट्याचे अन्न असे. एका जनावराचे मांस एका दिवसात संपणारे नसल्यामुळे ते लांब पट्ट्यांत कापून दोरीवर वाळवले जाई. या वाळलेल्या तुकड्यांना चान्या म्हणत आणि पुढे कित्येक महिने त्या भाजून किंवा पाण्यात शिजवून खाल्ल्या जात. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या या खाद्यसंस्कृतीची तपशीलवार नोंद केली, हे या प्रदेशाच्या इतिहासलेखनावरचे मोठे ऋण आहे, कारण तोवरच्या पाकपुस्तकांना अशा स्वयंपाकघरांचे अस्तित्वच ठाऊक नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७मध्ये महाडच्या परिषदेत मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले आणि पुढच्या काळात गावोगाव ते सोडले गेले. चान्यांची दोरी अंगणातून उतरली ती पोट भरले म्हणून नव्हे, तर माणूस म्हणून ताठ उभे राहण्यासाठी भुकेची किंमत मोजून. वाळवणाच्या इतिहासात या घटनेला कुरडईपेक्षा कमी जागा देता येत नाही.

तयार अन्न बाहेरून, म्हणजे सरकारकडून, या भागातील घरांत आले ते १९७२च्या दुष्काळात. सलग अवर्षणांनी ज्वारी बुडाली, तेव्हा अमेरिकेतून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी स्वस्त धान्य दुकानांतून मिळू लागली, खडी फोडण्याची, रस्त्यांची आणि पाझर तलावांची कामे निघाली आणि कामावरील मजुरांना, त्यांच्या मुलांना सुकडी वाटली गेली. सुकडी म्हणजे भाजलेल्या पिठाचा गोडसर, कोरडा, पोषणासाठी मुद्दाम बनवलेला पदार्थ. तिला चूल लागत नव्हती, सरपण लागत नव्हते, आणि ज्या बाईचा सारा दिवस खडीवर जात होता तिच्या दृष्टीने हीच तिची मोठी सोय होती. त्या पिढीच्या आठवणींत सुकडी हा शब्द उपासमार आणि सुटका या दोन्ही अर्थांनी येतो. पुढे १९७५मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, अंगणवाड्या उभ्या राहिल्या आणि कालांतराने सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांसाठी, गरोदर आणि स्तनदा मातांसाठी घरी नेण्याचा शिधा पाकिटांतून मिळू लागला. महाराष्ट्रात त्यात शिरा, उपमा आणि सुकडी यांची तयार पिठे असत. पाण्यात टाकून काही मिनिटे शिजवले की खाणे तयार होई.

पाकीटबंद अर्धतयार अन्न हा शहरी मध्यमवर्गाचा शौक आहे, असे सर्रास मानले जाते. पण ग्रामीण मराठवाड्यात अशा पाकिटाची पहिली व्यापक ओळख कष्टकरी घरांतील मातांना अंगणवाडीतून झाली, ही बाब त्या समजुतीशी जुळत नाही. या पाकिटांची चव मुलांना न रुचल्याच्या आणि ती जनावरांपुढे टाकली गेल्याच्या तक्रारी राज्यभरातून वेळोवेळी पुढे आल्या, आणि त्या तक्रारींत एक खरी गोष्ट दडलेली होती. पहिला अर्धा स्वयंपाक फार दूर, फार मोठ्या प्रमाणावर आणि खाणाऱ्याच्या जिभेशी काही नाते नसलेल्या ठिकाणी झाला, तर दुसरा अर्धा स्वयंपाक कितीही नीट केला तरी ते नाते जुळवता येत नाही.

कारखान्यात तयार झालेल्या अन्नाची भारतीय वाटचाल याच्या थोडी आधी सुरू झाली होती. म्हैसूर येथे १९५०मध्ये केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्था सुरू झाली आणि सैन्याच्या गरजांसाठी त्याच शहरात १९६१मध्ये संरक्षण खात्याची अन्नसंशोधन प्रयोगशाळा निघाली. महाराष्ट्रात मुंबईच्या गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत ही संस्था वाढली. पुण्यात १९६३मध्ये गिट्स कंपनीने इडली, गुलाबजाम यांसारख्या पदार्थांची तयार पिठे बाजारात आणली. लिज्जतचे महत्त्व या लेखाच्या विषयापुरते असे, की घरगुती वाळवणाच्या श्रमाला तिने प्रथमच मोठ्या प्रमाणावर मजुरी आणि मालकी दोन्ही मिळवून दिली. महाराष्ट्रात पुढे महिला बचत गटांची जी चळवळ पसरली, तिच्या विक्रीच्या टेबलांवर पापड, शेवया आणि कुरडया अग्रभागी दिसतात, ते या परंपरेचेच पुढचे पाऊल होय. अन्नसुरक्षेचा २००६चा कायदा २०११पासून अंमलात आल्यावर अशा छोट्या उत्पादकांनाही नोंदणी घ्यावी लागू लागली, आणि २०२०मध्ये केंद्र सरकारने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी भांडवली मदतीची योजना आणली, जिच्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठेवले गेले.

गोठवलेल्या अन्नाची कथा थंड प्रदेशात सुरू होते. अमेरिकेचा क्लॅरेन्स बर्ड्सआय हा १९१२नंतर काही वर्षे कॅनडातील लॅब्राडोरमध्ये राहिला असताना त्याने पाहिले, की तेथील इन्युइट लोक पकडलेला मासा बर्फाळ वाऱ्यात जवळजवळ तत्काळ गोठवतात आणि महिन्यांनी वितळवला तरी तो ताज्यासारखा राहतो. कारण असे, की पदार्थ हळूहळू गोठला तर त्यातल्या पाण्याचे मोठे स्फटिक बनतात, ते पेशींच्या भिंती फाडतात आणि वितळल्यावर पदार्थ लिबलिबीत होतो. झपाट्याने गोठला तर स्फटिक सूक्ष्म राहतात. या निरीक्षणावर त्याने यंत्रे बांधली आणि मार्च १९३०मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या दुकानांत गोठवलेल्या अन्नाची किरकोळ विक्री सुरू झाली. १९५०च्या दशकात अमेरिकी कंपन्यांनी संपूर्ण जेवणाचे ताटच गोठवून विकले. भारतात गोदरेजने देशी बनावटीचे पहिले शीतकपाट १९५८मध्ये काढले, पण गोठवलेले अन्न शहरी घरांत खऱ्या अर्थाने रुळले ते दिल्लीच्या मदर डेअरीने १९८८मध्ये ‘सफल’ हा उपक्रम सुरू केल्यानंतर, गोठवलेल्या वाटाण्याच्या रूपाने. त्यानंतर बटाट्याच्या तळणाच्या कांड्या, टिक्क्या, पराठे, समोसे यांची भर पडत गेली.

अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावापर्यंत हे अन्न पोचण्यात अडसर होता तो विजेचा. गोठवलेला पदार्थ कारखान्यापासून ताटापर्यंत उणे १८ अंश सेल्सियस किंवा त्याहून खाली राहावा लागतो. कारखाना, वाहन, गोदाम, दुकान आणि घर या साखळीला शीतसाखळी म्हणतात, आणि तिचा एक दुवा तुटला तरी माल बिघडतो. २०००नंतरच्या दशकात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने भारनियमनाचा जो त्रास सोसला, त्यात दिवसाचे कित्येक तास वीज नसे आणि उन्हाळ्यात, जेव्हा शीतपेटीला सर्वाधिक वीज लागते, तेव्हाच ती सर्वाधिक जाई. अशा काळात कोणता किराणा दुकानदार बर्फाच्या पेटीत भांडवल गुंतवणार? शेतीपंपांच्या वाहिन्या गावठाणाच्या वाहिन्यांपासून वेगळ्या केल्या गेल्या, भारनियमन हळूहळू कमी झाले आणि त्यानंतरच लहान गावांच्या दुकानांत आइस्क्रीमच्या पेटीशेजारी वाटाणा, मका आणि पराठे यांची पाकिटे दिसू लागली. या बदलात विजेखेरीज आणखी ज्यांचा हात आहे ते म्हणजे पुण्यात नोकरीला किंवा शिक्षणाला गेलेली मुले-मुली. सुट्टी संपवून परत निघताना त्यांच्या पिशव्यांत आईने दिलेल्या कुरडया, खारोड्या, शेंगदाण्याची चटणी आणि काळा मसाला असतो. आणि दिवाळीला घरी येताना भाड्याच्या खोलीत लागलेली गोठवलेल्या पराठ्याची सवय त्यांच्याबरोबर येते.

गोठवलेले अन्न घरी शिजवण्यालाही एक शिस्त आहे आणि तीही वाळवणाच्या शिस्तीइतकीच नेमकी आहे. पराठा कारखान्यात अर्धा भाजून, प्रत्येक दोन पराठ्यांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून गोठवलेला असतो. तो वितळवत ठेवला तर चिकट होऊन फाटतो, म्हणून पेटीतून काढून थेट तापलेल्या तव्यावर टाकायचा असतो. बटाट्याच्या कांड्या एकदा तळून गोठवलेल्या असतात. त्या थोड्या थोड्या, कडकडीत तेलात सोडाव्या लागतात, कारण एकदम जास्त टाकल्या तर तेल थंड होते आणि त्या तेल पितात. वाटाणा गोठवण्यापूर्वी काही क्षण गरम पाण्यातून काढलेला असतो, ज्यामुळे त्याचा रंग आणि चव बिघडवणारी द्रव्ये निष्क्रिय होतात. म्हणून तो भाजीत शेवटी घालायचा, आधी घातला तर त्याचा लगदा होतो. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे एकदा वितळलेला पदार्थ पुन्हा गोठवायचा नाही, कारण वितळलेल्या अवस्थेत वाढलेले जंतू गोठवण्याने मरत नाहीत, फक्त थांबतात. रात्री वीज गेली आणि पहाटे आली, तर पाकिटातले दाणे एकमेकांना चिकटून एकच ढेकूळ बनलेले असते, आणि ते पाहून पाकीट वितळून पुन्हा गोठले आहे हे ओळखता येते. उन्हाळ्यात दर वेळी आभाळ पाहणाऱ्या सासवांच्या सुनांना आज विजेच्या वेळा पाहाव्या लागतात.

तथापि या पेटीतल्या पदार्थांकडे पिकांच्या दृष्टीने पाहिले, की एक उणीव ठळकपणे जाणवते. मैदा, बटाटा, वाटाणा, मका हे गोठवणुकीचे आधारस्तंभ आहेत. अहमदपूरच्या जमिनीतून पिढ्यान्‌पिढ्या आलेली ज्वारी, तूर, हरभरा त्यांत जवळजवळ नाहीत. ज्वारीच्या बाबतीत याला भौतिक कारण आहे. तिच्यात गव्हासारखे पीठ बांधून ठेवणारे चिकट प्रथिन नसते, आणि भाकरीतले शिजलेले पिष्ट थंड झाले की पुन्हा घट्ट होऊ लागते. ही क्रिया शीतकपाटाच्या साध्या कप्प्यातील तापमानाला विशेष वेगाने घडते, म्हणून तेथे ठेवलेली भाकरी बाहेर ठेवलेल्या भाकरीपेक्षा लवकर वातड होते. भाकरीला ताजेपणा किंवा पूर्ण कोरडेपणा हवा. मधली अवस्था तिला मानवत नाही. त्यातच १९९०नंतर सोयाबीनने या जिल्ह्याच्या शेतीचा चेहरा बदलला आणि ज्वारीचा पेरा मागे हटला, त्यामुळे जुन्या अर्धतयार अन्नाचा कच्चा माल आणि नव्या अर्धतयार अन्नाचा कच्चा माल हे दोन्ही एकाच वेळी घरच्या शेतापासून दूर गेले. दुकानातून आणलेले पाकीट शिजवताना अहमदपूरच्या घरातली बाई बहुतेक वेळा दुसऱ्या प्रदेशाचे पीक शिजवत असते.

असे असले तरी गोठवण्याचे तंत्र आणि दुकानातले पाकीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा भेद येथील घरांनी स्वतःच ओळखला आहे. हुरडा, म्हणजे ज्वारीच्या दुधाळ कणसांतले कोवळे दाणे, हा एरवी शेतातच आगटीवर भाजून खाण्याचा पदार्थ. तोडल्यानंतर थोड्याच वेळात त्याचा गोडवा उतरू लागतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी ‘परभणी वसंत’ हे ज्वारीचे वाण विकसित केले आणि राज्यात काही ठिकाणी हुरडा गोठवून हंगामाबाहेर विकण्याचे प्रयत्न सुरू झाले आहेत. घराघरांत तर त्याहून साधी गोष्ट घडते. पौषात तुरीच्या ओल्या शेंगा आणि हरभऱ्याचे घाटे स्वस्त असतात, तेव्हा बायका दुपारी एकत्र बसून ते सोलतात, दाणे उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून, निथळून, कापडावर कोरडे करतात आणि लहान लहान पिशव्यांत भरून शीतकपाटाच्या वरच्या कप्प्यात रचतात. एका पिशवीत एका वेळच्या आमटीपुरतेच दाणे असतात, म्हणजे उरलेले पुन्हा गोठवण्याची वेळ येत नाही. जूनमध्ये पेरणीच्या दिवशी यांतली एक पिशवी थेट फोडणीत रिकामी होते आणि शेजारच्या डब्यातल्या खारोड्या तळून त्या आमटीबरोबर वाढल्या जातात.